तार तोडली की स्वावलंबन? ऑफ-ग्रिड जगण्याबद्दलचे 7 गैरसमज

भोपाळहून रातीबड, नीलबड किंवा केरवा धरणाकडे निघालं की शहर संपायच्या आतच फार्महाउसच्या प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात. निवृत्तीला आलेले अधिकारी, घरून काम करणारी आयटीतली मुलं, करोनाच्या काळात फ्लॅटमध्ये कोंडली गेलेली कुटुंबं, सगळ्यांनाच त्या बाजूची जमीन खुणावते. त्या स्वप्नात आता एक नवी भर पडली आहे. वीजमंडळाची तार नको, पालिकेचा नळ नको, सिलिंडरचं बुकिंग नको. छतावर पॅनेल, अंगणात बोअर, मागे भाजीचे वाफे. याला ऑफ-ग्रिड जगणं म्हणतात.

स्वप्नात वाईट काहीच नाही. पण विक्रेते जे सांगतात आणि व्हॉट्सॲपवर जे फिरतं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. ते पडताळून पाहायला भोपाळच्या फार बाहेर जावं लागत नाही.

गैरसमज 1: छतावर सोलर बसवलं की घर ऑफ-ग्रिड झालं.

वस्तुस्थिती: शहरातलं बहुतेक सोलर ग्रिडला जोडलेलं असतं. दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री त्याच तारेतून आत येते आणि नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. अशा घराची बॅटरी म्हणजे खुद्द ग्रिडच. म्हणून लाइट गेली की छतावर रणरणतं ऊन असूनही घरातले पंखे थांबतात. नवीन ग्राहक लगेच विक्रेत्याला फोन लावतात, पण हा बिघाड नसतो. पुरवठा बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ग्रिड बंद पडताच इन्व्हर्टरही बंद व्हावा अशीच त्याची रचना केलेली असते. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

भोपाळपासून 50 किलोमीटरच्या आत असलेलं सांची सप्टेंबर 2023 मध्ये देशातलं पहिलं सोलर शहर म्हणून जाहीर झालं. तिथल्या नागौरी येथील 3 मेगावॉटच्या प्रकल्पातली वीज ग्रिडमध्येच जाते. सोलर शहर होण्यासाठी सांचीला तार तोडावी लागलेली नाही.

गैरसमज 2: तार तोडायला सरकार 78,000 रुपये देतं.

वस्तुस्थिती: हा आकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली’ योजनेतला आहे. 1 किलोवॉटला 30,000, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये. मात्र हे पैसे ग्रिडला जोडलेल्या घरगुती संचालाच मिळतात. तार नसेल तर या योजनेतून काही मिळत नाही. ग्रिडविना चालणाऱ्या सौर शेतीपंपांसाठी 2019 ची पीएम-कुसुम योजना आहे, पण ती शेतकऱ्याच्या पंपासाठी, शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी नव्हे.

गैरसमज 3: बिल बंद म्हणजे वीज फुकट.

वस्तुस्थिती: कागद-पेन्सिल घेऊन बसलं की चित्र स्पष्ट होतं. चौघांचं साधं घर धरा: दिवे, 4 पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर. एसी नाही, गीझर नाही. रोजचे सुमारे 6 युनिट लागतील. चांगल्या उन्हात 1 किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट देतात, म्हणजे कागदावर 2 किलोवॉट पुरेसे दिसतात.

पण तार नसलेलं घर सरासरीवर चालत नाही. ते वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात तगलं पाहिजे, आणि भोपाळात तो आठवडा जुलै-ऑगस्टच्या झडीत येतो. झाकोळलेल्या 3 दिवसांची बेगमी करायची तर 18 युनिट साठवून ठेवायला हवेत. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर निकामी होते, त्यामुळे प्रत्यक्षात 36 युनिटांची क्षमता लागते. आपल्या नेहमीच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची बॅटरी 1.8 युनिटांची असते. म्हणजे अशा 20 बॅटऱ्या, प्रत्येकी सुमारे 50 किलोच्या. हे टनभर ओझं चार-पाच वर्षांनी बदलायचं. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात आणि जास्त टिकतात, पण सुरुवातीचा खर्च चढा. थोडक्यात, ऑफ-ग्रिड घरातही विजेचं बिल येतंच, फक्त ते काही वर्षांनी एकदम येतं.

गैरसमज 4: ग्रिड सोडलं की पर्यावरणाचं भलं झालंच.

वस्तुस्थिती: नेहमीच नाही. बॅटरी पूर्ण भरली की चार्ज कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेणं थांबवतो. एप्रिलच्या भर दुपारी, पॅनेल सगळ्यात जास्त वीज देऊ शकतात तेव्हाच, ऑफ-ग्रिड घरात ती वाया जाते. तेच पॅनेल ग्रिडला जोडलेले असते तर शेजाऱ्याचा कूलर त्यावर चालला असता आणि औष्णिक केंद्रात तेवढा कोळसा वाचला असता. वर पावसाळ्यासाठी म्हणून डिझेल जनरेटर ठेवला, तर उरलीसुरली कमाईही धुरात जाते.

बॅटरीतलं शिसं विषारी असतं. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून निकामी बॅटरी भंगारवाल्याला न विकता दुकानदाराकडे परत द्यावी.

चुलीचंही तसंच. लाकडावरचा स्वयंपाक ‘नैसर्गिक’ वाटतो, पण त्याचा धूर शिजवणारीच्या छातीत जातो. बैतुल जिल्ह्यातल्या बाचा या आदिवासी गावाने वेगळी वाट धरली. आयआयटी मुंबईने तयार केलेल्या सौर इंडक्शन चुली 2017-18 मध्ये तिथल्या 70 हून अधिक घरांत बसवल्या गेल्या. त्यामागे हौस नव्हती. जंगलातून मोळ्या आणण्याचे कष्ट कमी व्हावेत, हा हिशेब होता.

गैरसमज 5: स्वतःची बोअर म्हणजे शुद्ध आणि हक्काचं पाणी.

वस्तुस्थिती: हे भोपाळला तरी सांगावं लागू नये. युनियन कार्बाइडच्या कारखान्याने 1984 च्या वायुगळतीच्या आधी अनेक वर्षं आपला रासायनिक कचरा आवारात आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांत टाकला होता. तो जमिनीत झिरपत गेला. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या हातपंपांचं आणि बोअरचं पाणी दूषित निघालं. या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये द्यावा लागला आणि त्यानंतरही लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. शहराच्या एका बाजूला नळ सोडून देण्याची स्वप्नं रंगतात. दुसऱ्या बाजूला माणसं त्याच नळासाठी न्यायालयात गेली. जमिनीखालचं पाणी कुंपण ओळखत नाही, म्हणून बोअर कितीही ‘आपली’ असली तरी पाण्याची तपासणी करून घ्यावीच लागते.

मग पावसाचं पाणी? भोपाळात वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या छतावरून, 20 टक्के वाया गेलं असं धरून, 88,000 लिटर पाणी मिळतं. चौघांच्या घराला माणशी 135 लिटरने वर्षाला 1,97,000 लिटर लागतं. निम्मीही गरज भागत नाही, शिवाय हे पाणी चार महिन्यांतच येतं. पण फक्त पिण्या-स्वयंपाकाचं रोजचं 40 लिटर धरलं, तर 10,000 लिटरची टाकी कोरडे 8 महिने पुरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून आणि जंतुविरहित करून वापरायचं. एवढ्यापुरतं स्वावलंबन खरोखर आवाक्यात आहे.

उरलेल्यासाठी काय, याचं उत्तर शहराच्या मधोमध आहे. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा बडा तालाब 11व्या शतकातला मानला जातो. 361 चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून भरणारा हा तलाव आजही भोपाळच्या मोठ्या भागाची तहान भागवतो. एवढा पाणलोट कुणा एकाच्या अंगणात मावत नाही.

गैरसमज 6: जोडणी न घेणं बेकायदा आहे, किंवा याउलट, आपल्या जमिनीवर काहीही चालतं.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. विद्युत अधिनियम 2003 चं कलम 43 मागणाऱ्याला वीज देण्याचं बंधन वितरण कंपनीवर घालतं. ती घेतलीच पाहिजे, असं बंधन नागरिकावर नाही. स्वतःच्या घरापुरती वीज तयार करायलाही परवाना लागत नाही.

अडचण येते ती बांधकामाची. शेतजमिनीवर घर बांधायचं तर डायव्हर्शन (जमिनीच्या वापरातला बदल) आणि बांधकामाची परवानगी लागते, मग वीज कुठूनही येवो. त्यातून भोपाळची पश्चिम बाजू नाजूक आहे. बडा तालाब आणि छोटा तालाब मिळून झालेली भोज पाणथळ 2002 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. कलियासोत नदीच्या दोन्ही काठांवर 33 मीटरचा हरित पट्टा राखण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 मध्ये दिला. केरवा-कलियासोतच्या जंगलात वाघांचा वावर आहे. ‘निसर्गाच्या कुशीत’ घर बांधताना आपलं सांडपाणी शहर पितं त्या तलावाकडे तर जात नाही ना, हे पाहणं मालकाचंच काम आहे.

गैरसमज 7: ऑफ-ग्रिड म्हणजे कुणावर अवलंबून नसणं.

वस्तुस्थिती: अवलंबित्व संपत नाही, माणसं बदलतात. वीज कंपनीच्या जागी बॅटरीवाला, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा आणि टँकरवाला येतो. भारतात ज्या गावांनी ग्रिडविना वीज चालवून पाहिली, त्यांचे अनुभव याबाबतीत बोलके आहेत.

पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 2012 मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने 39 घरांसाठी 9.4 किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरता छोटा ग्रिड, उभारला. तिथे घरोघरी मीटर होते आणि वापरलेल्या विजेचे पैसे गावानेच जमा करायचे, अशी व्यवस्था होती. याउलट बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईचं झालं. 2014 मध्ये ग्रीनपीसने तिथे 100 किलोवॉटचा मायक्रोग्रिड बसवला आणि त्याची देशभर वाहवा झाली. पण त्यावर फ्रिज, टीव्ही चालवायला मर्यादा होती. गावकऱ्यांनी ‘असली बिजली’ मागितली, ग्रिड आला आणि काही वर्षांत बॅटऱ्या निकामी होऊन प्रकल्प बंद पडला. ज्यांच्या घरी कधी तारच पोचली नाही, त्यांना ऑफ-ग्रिड असण्याचं कौतुक कसं वाटावं? तार परत जोडता येईल ही खात्री असलेल्यालाच ती तोडण्याची चैन परवडते.

मग करायचं काय?

26 नोव्हेंबर 2020 रोजी भोपाळहून एक बस निघाली. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक चेतन सोलंकी यांची ही ‘एनर्जी स्वराज यात्रा’. 2030 पर्यंत घरी न जाता या बसमध्येच राहायचं आणि गावोगाव बोलायचं, असा त्यांचा संकल्प. बसवर 3.2 किलोवॉटचे पॅनेल आणि आत 6 युनिटांची बॅटरी. झोपणं, स्वयंपाक, काम सगळं तेवढ्यात. पण सोलंकी लोकांना ‘आधी पॅनेल घ्या’ असं सांगत नाहीत. त्यांचा क्रम असा: जे टाळता येईल ते टाळा, जे टाळता येत नाही ते कमी करा, आणि उरलेलं स्वतः निर्माण करा.

वरच्याच घरात हा क्रम लावून पाहा. 75 वॉटचे 4 जुने पंखे काढून 30 वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर रोज 10 तासांच्या वापरात 1.8 युनिट वाचतात. 20 बॅटऱ्यांतल्या 6 तिथेच कमी होतात, आणि त्यासाठी फक्त पंखे बदलावे लागतात. मे महिन्यात एसीऐवजी कूलर, दुपारी ऊन असतानाच मोटर आणि वॉशिंग मशीन, पिण्यापुरती पावसाच्या पाण्याची टाकी, छतावर ग्रिडला जोडलेले पॅनेल आणि लाइट गेल्यावर दिवे-पंखे चालतील एवढीच बॅटरी. अरेरा कॉलनीतल्या किंवा कोलार रोडवरच्या घरालाही हे सगळं तार ठेवून जमतं.

ज्या घराचं रोज 3 युनिटांत भागतं, त्याने तार ठेवली काय आणि तोडली काय, फारसं बिघडत नाही. ज्याला रोज 15 लागतात, तो तार तोडून घरातच छोटं वीजमंडळ उघडतो. त्या मंडळाचा साहेब तोच, तक्रार घेणारा तोच आणि झडीच्या रात्री गच्चीवर चढणारा लाइनमनही तोच.