बिअरचे विरजण

थंडीच्या रात्री विरजण लावलेले भांडे जुन्या धाबळीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी होती. उन्हाळ्यात मात्र तेच दही दुपारपर्यंत आंबटढोण होते. दूध तेच, विरजण तेच. फरक पडतो तो उष्णतामानाचा. हे साधे घरगुती सत्य मला प्रकर्षाने आठवले ते इंग्लंडात, एका मराठी स्नेह्यांच्या घरी. त्यांनी डब्यातल्या अर्कापासून वीस लिटर बिअर केली होती, आणि ती सारी बिघडल्यामुळे ते खट्टू होऊन बसले होते.

घरी बिअर करणे हा इंग्लंडातला जुना गृहोद्योग होय. १८८० सालच्या कायद्याने त्याला परवान्याचे बंधन आले. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले. अर्थात ही मोकळीक घरापुरती, विक्रीसाठी नव्हे. पुढे तयार डब्यांचा व्यापार तेथे चांगलाच वाढला. आपल्याकडे मद्याचे कायदे राज्यागणिक निराळे आहेत, आणि महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा ही कृती तिकडचीच समजावी. तिच्यामागचे शास्त्र मात्र कोणीही समजून घ्यावे असे आहे.

त्या डब्यात काय असते? मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क, काकवीसारखा दाट आटवलेला. हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा त्यात बहुधा आधीच उतरवलेला असतो. हा अर्क गरम पाण्यात विरघळवावयाचा, साखर मिसळावयाची, थंड पाणी घालून वीस-तेवीस लिटर करावयाचे, आणि वर यीस्टची पुडी भुरभुरावयाची. काम अर्ध्या तासाचे. म्हणूनच मनुष्याला वाटते की बिअर आपण केली. वास्तविक बिअर करते ते यीस्ट. आपल्या हाती उरते ते एवढेच, की त्या सूक्ष्म जीवाला राहावयास जागा कशी द्यावी.

माझ्या स्नेह्यांनी यीस्टला ऊब हवी म्हणून ती बादली पाणी तापवण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवली होती. सूचनापत्रात सत्तावीस अंशांपर्यंत चालेल असे छापलेले होते. तेव्हा त्यांची चूक म्हणावी तरी कशी? पण एल जातीच्या बिअरचे बहुतेक यीस्ट १८ ते २० अंश सेल्सिअसला सर्वांत नीटस काम करते. त्याहून पुष्कळ वर ते झपाट्याने वाढते, आणि त्या घाईत नको असलेली द्रव्ये निर्माण करते. त्यांतल्या काहींना पिकल्या केळ्यांचा वास येतो, तर काही जड अल्कोहोले घशाला जाळतात. उलट फार गारठा झाला तर यीस्ट झोपी जाते आणि साखर तशीच राहते.

येथे एक गोष्ट हटकून विसरली जाते. साखरेचे अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते. खोलीतला तापमापक वीस अंश दाखवीत असला, तरी ऐन भरात बादलीतला द्रव तेवीस-चोवीस अंशांवर गेलेला असतो. म्हणून तापमापक भिंतीवर न लावता बादलीच्या अंगाला चिकटवावा. चवीचे बरेवाईट बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत ठरते, कारण यीस्टची वाढ त्याच काळात होते. चौथ्या दिवशी बादली थंड करून पहिल्या दिवसाचा दोष निघत नाही.

उपाय आपल्या माठाचाच. बादली पाण्याच्या परातीत ठेवावी आणि तिच्याभोवती ओले फडके गुंडाळावे. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते. फार उकाडा असल्यास परातीत बर्फाच्या बाटल्या आलटून-पालटून ठेवाव्यात. यीस्ट घालतानाच द्रव वीस अंशांच्या आत आणावा. पहिला जोर ओसरल्यावर मात्र दोन अंश वाढू द्यावेत, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे द्रव्य यीस्ट स्वतःच पुन्हा पचवून टाकते.

आता हॉपविषयी. हॉप उकळला की कडवटपणा उतरतो, पण त्याची सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. सुगंध हवा असेल तर फुले न उकळता, कोरडीच, थंड बिअरमध्ये टाकावी लागतात. या जुन्या रीतीचा आपल्या देशाशीही संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून मुंबई-कलकत्त्याकडे जी फिकट बिअर गलबतांतून येई, तिच्या पिंपांत लांबच्या प्रवासात ती टिकावी म्हणून जादा हॉप घातलेला असे. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातूनच आले.

माझ्या स्नेह्यांनी हॉप पहिल्याच दिवशी टाकला होता. वर येणाऱ्या बुडबुड्यांनी त्याचा सुगंध दोन दिवसांत छपराला पोचवला! किण्वन जवळजवळ संपल्यावर, वीस लिटरला तीस ते पन्नास ग्रॅम हॉप, उकळून घेतलेल्या मलमलीच्या पिशवीत घालून तीन-चार दिवस ठेवणे पुरेसे असते. अधिक दिवस राहिल्यास गवतासारखा वास येतो. झाकण क्षणभरच उघडावे आणि द्रव ढवळू नये. हवेतला प्राणवायू या सुगंधाचा वैरी आहे.

यानंतर घाई करणे मात्र धोक्याचे. हॉपच्या फुलांत अशी विकरे असतात, की जी शर्करा यीस्टला पचत नव्हती तिचे ती तुकडे करतात, आणि निजलेले यीस्ट पुन्हा जागे होते. ब्राउन आणि मॉरिस या दोन इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ सालीच हे दाखवून दिले होते. अशी बिअर लगेच बाटलीत भरली तर आत वायूचा दाब वाढत जातो, आणि एखाद्या रात्री काचेची बाटली बंदुकीच्या बारासारखी फुटते. म्हणून बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये. हायड्रोमीटरने घनता पाहावी. हॉप घातल्यानंतरही ती तीन दिवस तसूभर हलली नाही, तरच बाटल्या भराव्यात.

माझ्या स्नेह्यांनी पुढल्या महिन्यात पुन्हा डबा आणला. त्यांचा मुलगा शनिवारी सुटीवर घरी यावयाचा होता, आणि गुरुवारीच बुडबुडे थांबलेले होते. बाटल्या धुऊन मांडलेल्या होत्या. त्यांनी हायड्रोमीटर सोडला; आकडा आदल्या दिवसापेक्षा दोन रेघा खाली होता. क्षणभर ते बाटल्यांकडे पाहत राहिले. मग एकेक उचलून पुन्हा फडताळात ठेवू लागले. मुलाला त्या सुटीत ती बिअर मिळाली नाही. पण फडताळातली एकही बाटली फुटली नाही, आणि पुढच्या सुटीत बापलेकांनी पहिली बाटली उघडली तेव्हा हॉपचा दरवळ खोलीभर झाला होता.