पितळी बिल्ल्यावरचा आकडा

जुन्या बाजारात १९२७ असा आकडा ठोकलेला, भोक पाडलेला पितळी बिल्ला मिळाला की ते साल समजले जाते. बहुधा तो कामगाराचा क्रमांक असतो. असा बिल्ला म्हणजे टूल चेक (हत्यार नेताना ठेवायची खूण). देवळाबाहेर चपला देऊन टोकन घेतो, त्याच्या उलट: कामगार बिल्ला देई, हत्यार घेई. हत्यार परत येईपर्यंत बिल्ला खुंटीवर राही. एकेकाला असे अनेक बिल्ले मिळत. म्हणून एकाच आकड्याचे दोन सापडले, तरी त्यांना नकली म्हणणे अन्यायाचे. छातीवरचा ओळखबिल्ला मात्र वेगळा; त्याला मागे पिन असते.

काळ ठरवायला कंपनीचे नाव अधिक भरवशाचे. उदाहरणार्थ, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. जी.आय.पी. ही अक्षरे असलेला बिल्ला सहसा त्याआधीचा. घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका, पुसट अक्षरे त्यात कायमची जातात.