वामन भोसले आणि कात्रीवरचे सिनेमासंकलन

चित्रीकरणाच्या वेळी एकच प्रसंग अनेकदा आणि वेगवेगळ्या कोनांतून टिपला जातो. त्यातील कोणता तुकडा ठेवायचा, तो कोठे तोडायचा आणि कोणत्या तुकड्याला जोडायचा हे ठरविणे म्हणजे संकलन होय. हिंदी चित्रपटात हे काम अनेक दशके करणारे गोव्याचे वामन भोसले मुंबईत आले ते या विद्येच्या शाळा सर्रास नव्हत्या अशा काळात. बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली आणि पुढे फिल्मिस्तानमध्ये साहाय्यक म्हणून त्यांनी दीर्घ उमेदवारी केली. राज खोसला यांच्या 'दो रास्ते' (१९६९) या चित्रपटाने त्यांना स्वतंत्र संकलक म्हणून उभे केले. त्याची कथा चंद्रकांत काकोडकर या मराठी कादंबरीकाराची होती.

त्या काळी संकलन ही हाताची कारागिरी होती. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, त्यामुळे हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते. मूव्हिओला या यंत्राच्या छोट्या भिंगातून कच्ची प्रत पुढे-मागे फिरवून पाहायची, तुटीची जागा मेणाच्या पेन्सिलीने खुणावायची, ध्वनीची पट्टी चित्राशी बरोबर धावते आहे याची खात्री करायची आणि मग कात्री चालवायची, असा तो क्रम असे. शेवटी फिल्मच्या काठावरील छापील आकड्यांच्या आधारे मूळ निगेटिव्ह कापली जाई, आणि तेथे चुकलेली चौकट परत मिळत नसे. अशा शिस्तीत वाढलेला संकलक कापण्याआधीच विचार पुरा करतो, हे त्या पिढीचे खरे बलस्थान मानावे लागेल.

गुरुदत्त शिराली यांच्या जोडीने भोसले यांनी केलेल्या कामाची व्याप्ती थक्क करणारी आहे. गुलजार यांच्या 'आँधी' आणि 'मौसम' या १९७५ च्या दोन्ही चित्रपटांत भूतकाळ वर्तमानात मिसळत राहतो, आणि प्रेक्षक गोंधळू नये तरी त्याला सांधा जाणवू नये, ही जबाबदारी मुख्यतः संकलकावर येते. राज सिप्पी यांच्या 'इनकार' (१९७७) मध्ये मागणी नेमकी उलटी होती. अकिरा कुरोसावा यांच्या 'हाय अँड लो' या जपानी चित्रपटावर बेतलेल्या या कथेत श्रीराम लागू यांनी साकारलेल्या उद्योगपतीच्या मुलाऐवजी नोकराचा मुलगा पळविला जातो; पोलीस, गुन्हेगार आणि खंडणीच्या पेचात सापडलेला मालक यांच्या हालचाली आलटून-पालटून दाखवीत ताण चढवावा लागतो. या चित्रपटासाठी दोघांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुभाष घई यांच्या 'कालीचरण'पासून 'सौदागर'पर्यंतच्या भडक, गाणीबहुल चित्रपटांतही हाच हात आहे, हे समीक्षक सहसा विसरतात.

हे कौशल्य प्रेक्षकांपर्यंत सर्वत्र सारखे पोहोचत नसे. उदाहरणार्थ, चित्रपट वितरणाच्या विभागणीत मराठवाडा 'निजाम' विभागात मोडतो, आणि १९५६ मध्ये तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तरी ही व्यापारी सीमा तशीच राहिली. अशा विभागात मोठ्या शहरांत झिजलेली प्रत छोट्या गावांपर्यंत उतरत येई. फिल्म तुटली की प्रक्षेपक खराब चौकटी काढून दोन टोके चिकटवी. पण पस्तीस मिलिमीटरच्या प्रतीत ध्वनीची पट्टी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेली असल्याने चित्र एका क्षणाचे आणि आवाज दुसऱ्या क्षणाचा जाई. मुंबईत संकलकाने चौकट-चौकट तोलून बांधलेली लय अशा प्रत्येक सांध्यावर ढासळे, आणि प्रेक्षक मात्र तो दोष चित्रपटाचाच समजत.

संगणकावरील संकलन रूढ होण्याच्या काळात, १९९८ मध्ये, भोसले यांनी संकलित केलेला 'गुलाम' प्रदर्शित झाला. २६ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. तोपर्यंत चित्रपटगृहांतून फिल्मची रिळे आणि प्रक्षेपकाची चिकटपट्टीही गेली होती. 'निजाम' हे विभागाचे नाव मात्र वितरकांच्या तोंडी अजूनही आहे.