देणारा तोच, सांभाळणारा तोच: अमेरिकेतला लिव्हिंग ट्रस्ट

कॅलिफोर्नियातल्या काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयांत एक विलक्षण दस्त नेहमी नोंदवला जातो. त्यात घर देणारे नवरा-बायको आणि घर घेणारे नवरा-बायको एकच असतात. वरच्या ओळीत दोघांची नावे, खालच्या ओळीत पुन्हा तीच नावे. खाली मात्र नावांपुढे ‘विश्वस्त’ असे लिहिलेले असते आणि त्यानंतर कुटुंबाच्या ट्रस्टचे नाव व तारीख. पैशांची देवघेव झालेली नसते, कोणी घर सोडलेले नसते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच स्वयंपाकघरात चहा करतात आणि महिनाअखेरीला तोच कर्जाचा हप्ता भरतात. तरीही मोठे काम झालेले असते. दोघांच्या मागे या घरासाठी मुलांना एरवी कोर्टाची पायरी चढावी लागली असती, ती आता सहसा लागणार नाही.

या व्यवस्थेचे नाव रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट. ट्रस्ट म्हटला की आपल्याला देवस्थान, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आठवते. हा ट्रस्ट त्या जातीचा नाही, तो एका कुटुंबाचा खासगी ट्रस्ट असतो. कोणत्याही ट्रस्टमध्ये तीन भूमिका असतात: मालमत्ता देणारा, ती सांभाळणारा विश्वस्त आणि तिचा उपभोग घेणारा लाभार्थी. इथे हयातीत या तिन्ही भूमिका एकच माणूस, किंवा एकच जोडपे, वठवते. घर विकावेसे वाटले तर विकता येते, मुलगी रुसली म्हणून तिचा वाटा कमी करता येतो, समेट झाल्यावर पुन्हा वाढवता येतो, आणि वाटल्यास सगळा ट्रस्टच मोडून मालमत्ता परत स्वतःच्या नावावर करता येते. ट्रस्टकर्ता गेला की त्याने केलेल्या तरतुदी कायम होतात आणि ट्रस्टडीडमध्ये आधीच नेमलेला पुढचा विश्वस्त कामाला लागतो.

हे कोर्टाविना कसे जमते, हे प्रोबेट कोर्टाचे मूळ काम पाहिले की कळते. मेलेल्या माणसाच्या नावावरची मालमत्ता जिवंत माणसाच्या नावावर करणे आणि वाटेत धनकोंचे देणे भागवणे यासाठी ते कोर्ट असते. ट्रस्टमधल्या घराचा कागदोपत्री मालक विश्वस्त असतो. तो वारला तर त्याच्या जागी दुसरा विश्वस्त येतो आणि घर ट्रस्टमध्येच राहते, म्हणून कोर्टाने नाव बदलून देण्यासारखे काही उरत नाही.

कोर्ट टाळण्यासाठी एवढा खटाटोप का, याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे आहे. कॅलिफोर्नियातले उत्तर आकड्यांत मांडता येते. तिथे प्रोबेटमधली वकिलाची फी कायद्यानेच ठरवून दिली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या ८ लाखांवर २ टक्के, आणि मग १ टक्का. १० लाख डॉलरच्या घराचा हिशेब करू. ४ हजार, ३ हजार आणि १६ हजार, मिळून २३ हजार डॉलर. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढेच मागण्याचा हक्क आहे, म्हणजे एकूण ४६ हजार. घरचाच माणूस ते काम करत असेल तर तो आपला वाटा सोडून देऊ शकतो. वकील सहसा सोडत नाही. कुटुंबाला सगळ्यात झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. ही फी मालमत्तेच्या ढोबळ किमतीवर मोजतात, कर्ज वजा करून नव्हे. घरावर ६ लाखांचे कर्ज बाकी असेल तरी हिशेब १० लाखांचाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास साधे तीन खोल्यांचे घरही १० लाखांच्या वर जाते, त्यामुळे हा श्रीमंतांचाच प्रश्न राहत नाही. १ एप्रिल २०२५ पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपी वाट खुली झाली आहे, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली किती घरे त्या मर्यादेत बसतील?

खर्चाशिवाय वेळही जातो, आणि खासगीपणाही. प्रोबेटमधले मृत्युपत्र सार्वजनिक कागद होते. कोणीही कोर्टात जाऊन ते वाचू शकतो. दुसऱ्या राज्यात घर किंवा जमीन असेल तर तिथे वेगळे प्रोबेट करावे लागते. आणि मृत्युपत्रच नसेल तर काय होते, हे प्रिन्स या गायकाच्या बाबतीत जगाने पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये तो मिनेसोटात वारला आणि त्याच्या सुमारे १५ कोटी ६० लाख डॉलरच्या संपत्तीचा निकाल लागायला २०२२ उजाडले.

या कल्पनेचे मूळ मध्ययुगीन इंग्लंडात आहे. तिथल्या कायद्यानुसार जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. म्हणून जमीनदार हयातीतच विश्वासू मित्रांच्या नावावर जमीन करत आणि आपल्यामागे ती कोणाला द्यायची हे त्यांना सांगून ठेवत. फ्रान्सिस्कन भिक्षूंना मालमत्ता बाळगायची नव्हती, त्यांच्यासाठीही इतरांनी जमिनी धरून ठेवल्या. यात राजाचा महसूल बुडू लागला तेव्हा आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून ही पद्धत आवळली. त्यावर एवढा असंतोष माजला की १५४० मध्ये जमिनीचे मृत्युपत्र करण्याची मुभा द्यावी लागली. युक्ती मात्र मेली नाही.

पण मित्राच्या हाती देणे निराळे आणि स्वतःच्याच हाती देणे निराळे. ‘मी माझीच मालमत्ता माझ्यासाठीच सांभाळतो आणि वाटेल तेव्हा हे रद्द करीन’ असे म्हणणाऱ्या माणसाने खरोखर ट्रस्ट केला आहे का? हा प्रश्न इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो शिकागोतल्या एका पशुवैद्यामुळे. डॉ. अल्बर्ट फार्कस यांनी एका म्युच्युअल फंडाचे शेअर चार वेळा घेतले आणि प्रत्येक वेळी ते ‘रिचर्ड विल्यम्स यांच्यासाठी विश्वस्त’ म्हणून स्वतःच्या नावावर लावले. विल्यम्स त्यांच्याकडे नोकरीला होते. १९५१ मध्ये फार्कस मृत्युपत्र न करता वारले. त्यांना बायको-मुले नव्हती. भाऊबहिणींसह जवळच्या नातेवाइकांनी शेअर मागितले. त्यांचे म्हणणे वरवर बिनतोड होते. फार्कस स्वतःला विश्वस्त म्हणवत, पण लाभांश स्वतः घेत, शेअर विकण्याचा, लाभार्थी बदलण्याचा आणि सगळेच रद्द करण्याचा हक्कही त्यांनी राखून ठेवला होता. मग हे साक्षीदार टाळून केलेले मृत्युपत्रच नव्हे काय? खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटले.

१९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायाधीशांनी म्हटले की, कितीही थोडा आणि कितीही तकलादू असला तरी काही एक हक्क सही झाल्या क्षणीच विल्यम्सकडे गेला होता. फार्कस यांनी तो काढून घेतला नाही म्हणून तो टिकला. शिवाय विश्वस्त म्हणून सही केल्यावर फार्कस यांच्यावर, नावापुरते का होईना, विश्वस्ताचे कर्तव्य आले होते. अमेरिकेतल्या कितीतरी घरांची आणि बचतीची व्यवस्था आज याच तर्कावर उभी आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण सामान्य माणसाचा हेतू खरा असेल तर कायद्याने त्याच्याकडे सरळपणे पाहावे, ही दृष्टी त्यात आहे. पुढे कायदे याच दिशेने गेले. २००० सालच्या युनिफॉर्म ट्रस्ट कोडने तर जुना नियमच उलटा केला: ट्रस्टडीडमध्ये ‘रद्द होणार नाही’ असे लिहिले नसेल तर ट्रस्ट रद्द करता येण्याजोगा समजायचा. तीसहून अधिक राज्यांनी हा नमुना कायदा स्वीकारला आहे. कॅलिफोर्नियात तो नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

ही सोय घराघरात नेली ती मात्र एका वकील नसलेल्या माणसाने. कनेक्टिकटमधले नॉर्मन डेसी म्युच्युअल फंड विकण्याच्या धंद्यात होते. १९६५ मध्ये त्यांनी ‘हाउ टू अव्हॉइड प्रोबेट’ हे जाडजूड पुस्तक काढले. त्यात फाडून भरता येतील असे ट्रस्टचे तयार नमुने होते. १९६६ मध्ये ते अमेरिकेतले सर्वाधिक खपाचे ललितेतर पुस्तक ठरले. न्यूयॉर्कमधल्या वकिलांच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. सनद नसताना वकिली केल्याचा तो आरोप होता, आणि पुस्तकाच्या विक्रीवर बंदीही आली. १९६७ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ती उठवली. सर्वांसाठी छापलेला मजकूर म्हणजे एखाद्या पक्षकाराला दिलेला सल्ला नव्हे, हे त्यातून ठरले. छापील नमुने भरून केलेले काही ट्रस्ट पुढे अडचणीत येणे साहजिक होते, तरी प्रोबेटच्या खर्चाबद्दल लोक उघडपणे बोलू लागले ते या पुस्तकामुळे.

आजही सगळ्यात जास्त चुकते ते एकाच ठिकाणी. सुंदर बांधलेली ट्रस्टची फाइल कपाटात असते, पण घर, बँकेची खाती आणि गुंतवणूक जुन्याच नावांवर राहते. नाव बदलल्याशिवाय ट्रस्ट रिकामा असतो. यावर तोडगा म्हणून वकील ट्रस्टसोबत एक मृत्युपत्रही करून घेतात. राहिलेले सगळे ट्रस्टमध्ये जावे, असे त्यात लिहिलेले असते. त्याला पोर-ओव्हर विल म्हणतात. पण त्या मृत्युपत्रालाही प्रोबेट लागते. मायकेल जॅक्सन २००९ मध्ये वारला तेव्हा त्याचा कौटुंबिक ट्रस्ट होता आणि सगळे त्या ट्रस्टला देणारे २००२ चे मृत्युपत्रही होते. मालमत्ता आधी ट्रस्टमध्ये गेली नव्हती, म्हणून लॉस एंजेलिसच्या कोर्टात प्रोबेट उघडावेच लागले. कॅलिफोर्नियात १९९३ च्या हेगस्टॅड खटल्याने थोडा आधार दिला आहे. मालक स्वतःच विश्वस्त असेल आणि ट्रस्टच्या यादीत ती मालमत्ता स्पष्ट लिहिलेली असेल, तर वेगळा दस्त नोंदवला नसला तरी चालू शकते. पण त्यासाठीही कोर्टात अर्ज करावा लागतो, म्हणजे जे टाळायचे तेच काही अंशी पदरी येते.

कर्जावरचे घर ट्रस्टमध्ये टाकले तर बँक सगळी रक्कम एकदम मागेल, ही भीती अनेकांना वाटते. स्वतःच्या राहत्या घरासाठी आणि कर्जदार स्वतः लाभार्थी असताना १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने बँकेला तसे करायला मनाई केली आहे. निवृत्तीची खाती, म्हणजे ४०१-के आणि आयआरए, मात्र हयातीत ट्रस्टच्या मालकीची करू नयेत. ती रक्कम काढून घेतल्यासारखी धरली जाते आणि कर लागतो. त्यांच्यासाठी वारसनोंदच योग्य. आणि लहान मुलांचे पालकत्व कोणाकडे जावे, हे सांगण्याची नेहमीची जागा मृत्युपत्र हीच आहे. त्यामुळे ट्रस्ट केला तरी मृत्युपत्र सुटत नाही.

मृत्यूपेक्षाही मला या ट्रस्टचे मोल आजारपणात जास्त वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची बिले कोण भरणार, त्याच्या देखभालीसाठी घर कोण विकणार? तजवीज नसेल तर कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यात तपासनीस येतो, सुनावण्या होतात, हिशेब सादर करावे लागतात, आणि ज्याच्या अंगात त्राण नाही अशा वृद्धाच्या असमर्थतेची चर्चा उघड कोर्टात होते. ट्रस्टडीडमध्ये सहसा लिहिलेले असते की अमुक डॉक्टरांनी लेखी दिले की पुढचा विश्वस्त सूत्रे हाती घेईल. बापाची अवस्था चारचौघांत न मांडता त्याची सेवा करता येते. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनाच याची किंमत कळते.

ट्रस्टकडून नको त्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. ट्रस्ट मोडण्याचा हक्क हाती आहे तोवर मालमत्ता तुमचीच धरतात. म्हणून धनको तिच्यापर्यंत पोचू शकतात, प्राप्तिकर तुमच्याच नावाने लागतो, आणि वारसा करातही ती मोजली जाते. केंद्राच्या वारसा कराची सूट २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलर आहे, त्यामुळे बहुतेकांना तो कर लागतच नाही. करबचतीचे आमिष दाखवून वृद्धांना महागडे ट्रस्ट विकणारे लोक तिथे आहेत. त्यांच्यापासून सावध राहण्याचा इशारा अनेक राज्यांच्या यंत्रणा देतात.

बदलण्याचे स्वातंत्र्य हेच कधी भांडणाचे कारण होते. एल्विस प्रेस्लीची मुलगी लिसा मेरी हिने १९९३ मध्ये ट्रस्ट केला होता आणि आई प्रिसिला त्यात सहविश्वस्त होती. जानेवारी २०२३ मध्ये लिसा वारल्यावर २०१६ ची एक दुरुस्ती समोर आली, तिच्यात आईला काढून मुलांना नेमले होते. प्रिसिलाने आक्षेप घेतले: माझ्या नावाचे स्पेलिंगच चुकले आहे, सही मुलीची वाटत नाही, साक्षीदार वा नोटरी नाही, आणि ट्रस्टच्या अटीप्रमाणे ही दुरुस्ती मला कधी दिलीच गेली नाही. शेवटी नात रायली हिच्याशी तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. ट्रस्ट बदलण्याची रीत त्याच ट्रस्टमध्ये लिहिलेली असते आणि ती अक्षरशः पाळावी लागते.

कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी दोन प्रश्न असतात. नवरा-बायकोपैकी एकजण अजून अमेरिकी नागरिक नसेल तर, ग्रीन कार्ड असले तरी, जोडीदाराला वारसा करात मिळणारी अमर्याद सवलत त्याला आपोआप मिळत नाही. मोठी मालमत्ता असेल तर त्यासाठी वेगळ्या धाटणीचा ट्रस्ट करावा लागतो. दुसरा प्रश्न पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटचा. अमेरिकेतल्या ट्रस्टच्या यादीत त्याचा पत्ता लिहिल्याने तो ट्रस्टमध्ये जात नाही. भारतीय विश्वस्त अधिनियम १८८२ नुसार स्थावर मालमत्तेचा हयातीत केलेला ट्रस्ट लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी म्हटली की स्टँप ड्युटी आलीच. म्हणून भारतातल्या मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र भारतातल्या वकिलाकडून करून घेणे बरे. ते करताना ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे छापील वाक्य तसेच राहू देऊ नये. त्याने अमेरिकेतले पोर-ओव्हर विलही रद्द होऊ शकते. ‘भारतातील मालमत्तेपुरती’ हे शब्द त्यात घालून घ्यावेत, आणि अमेरिकेतल्या मृत्युपत्रातही तशीच मर्यादा आहे का, हे तिथल्या वकिलाला दाखवून घ्यावे.