सी ४४.१ : पापणीच्या त्वचेच्या कर्करोगाचा संकेतांक

सी ४४.१ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील पापणीच्या त्वचेच्या कर्करोगाचा संकेतांक आहे. डोळ्याच्या कोपऱ्यांवरील त्वचाही त्यात समाविष्ट होते. मेलेनोमा या रंगपेशींच्या कर्करोगासाठी मात्र सी ४३.१ हा स्वतंत्र संकेतांक आहे.

सी ४४.१ रोगाचे स्थान सांगतो, पेशींचा प्रकार नव्हे. आधारपेशी, शल्कपेशी व तैलग्रंथी या तिन्ही प्रकारच्या कर्करोगांना तो लागू पडतो. त्यांपैकी आधारपेशींचा कर्करोग शरीरात क्वचितच अन्यत्र पसरतो. तैलग्रंथींचा पसरू शकतो आणि भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. त्यामुळे कर्करोग नोंदणीत स्थानासोबत पेशीप्रकाराचा संकेतांकही नोंदवतात : आधारपेशी ८०९०/३, शल्कपेशी ८०७०/३, तैलग्रंथी ८४१०/३. महाराष्ट्रात लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये, तर बार्शीच्या ग्रामीण परिसरात १९८७ मध्ये सुरू झाली.

तैलग्रंथींचा कर्करोग आरंभी कॅलेझिऑन या पापणीतील निरुपद्रवी गाठीसारखा दिसतो; त्या गाठीचा संकेतांक एच ००.१ आहे. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या गाठीची बायोप्सी आवश्यक ठरते. अचूक संकेतांक त्या अहवालानंतरच निश्चित होतो.