बोटांनी पाहताना : लेखांक ९ – हाक न मारता लागलेलं गाणं

मागच्या आठवड्यात रेडिओबद्दल लिहिलं. रेडिओवर जे लागेल ते ऐकायचं असतं. पण पहाटे मला अभंगच हवे असतात आणि दुपारी तूर निवडताना लावण्या. त्यासाठी स्वतःचा प्लेअर लागतो, आणि दृष्टी नसलेल्या माणसानं तो कसा निवडावा, हे दुकानात कुणी सांगत नाही.

माझा पहिला प्लेअर मी किन्हीराजाहून मालेगावला जाऊन आणला. दुकानदारानं तो माझ्या हातात न देता भाच्याच्या हातात दिला. "ताई, डिस्प्ले पाहा न, कसा मस्त रंगीत हाये!" माणूस मनानं चांगला होता, त्याला सुचलंच नाही. घरी येऊन हात फिरवला तर सगळी गुळगुळीत काच, एकही बटण नाही. प्रत्येक गाण्यासाठी भाच्याला हाक मारायची. तो शिकायला वाशीमला गेला आणि प्लेअर कपाटात गेला. तेव्हापासून माझी कसोटी एकच : कुणाला हाक न मारता हवं ते गाणं लागतं का?

म्हणून आता मी गाणी भरलेलं कार्ड घरूनच नेते आणि यंत्र हातात घेऊन तिथंच वाजवून पाहते. बटणं उठावदार हवीत, एकमेकांपासून सुटी हवीत. बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये एकच बटण पटकन दाबलं तर पुढचं गाणं लागतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. ते बोटाला चार दिवसांत कळतं. पण त्याच ओळीतल्या दुसऱ्या बटणानं यंत्र कार्डावरून एफएमवर, एफएमवरून ब्लूटूथवर जात असेल आणि तोंडानं काही सांगत नसेल, तर माणूस हरवतो. यंत्र मोड बदलल्याचं बोललं, इंग्रजीत का होईना, तर ते घ्यावं. चार्जिंगचं तोंड टाइप-सी असलं तर उत्तम, पिन उलटसुलट कशीही बसते. जुन्या मायक्रो-यूएसबीत बाजू चाचपडता चाचपडता पिनच वाकते.

मला सगळ्यात आवडतो तो आकड्यांची बटणं असलेला कार्डाचा रेडिओ. 47 दाबलं की 47वं गाणं लागतं. 5 वर उंचवटा नसेल तर खड्याची टिकली चिकटवावी, तिच्याभोवतीचे बाकी आकडे आपोआप सापडतात.

मग फोनच का नको, असं तरुण मुलं विचारतात. टॉकबॅक चालू केला की फोन बोलतो हे खरं. नव्या अँड्रॉइडमध्ये काचेवर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं की गाणं थांबतं, पुन्हा केलं की सुरू होतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावा. माझे हात दिवसातून दहा वेळा ओले किंवा पिठाचे असतात, तेव्हा मला बटणच हवं.

पुस्तकं ऐकायची असतील तर मात्र गाण्यांचा प्लेअर अपुरा पडतो, तिथं डेझी पद्धतीचं यंत्र हवं. त्यात प्रकरणानुसार, पानानुसार उडी मारता येते आणि थांबलो ती जागा लक्षात राहते. जपानच्या शिनानो केन्शीचा प्लेक्सटॉक, कॅनडाच्या ह्यूमनवेअरचा व्हिक्टर रीडर स्ट्रीम ही त्यातली नावाजलेली यंत्रं. अशी पुस्तकं 2016 मध्ये सुरू झालेल्या सरकारी सुगम्य पुस्तकालयात मिळतात. त्यावर पुढं स्वतंत्र लिहीन.

आता कार्डाकडे. साध्या दर्जाची एमपी3 फाइल मिनिटाला सुमारे 1 एमबी जागा घेते, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात 500 तासांहून जास्त गाणी मावतात. त्याहून मोठं कार्ड अनेक स्वस्त प्लेअर वाचतही नाहीत. पण 500 तासांच्या ढिगाऱ्यात आपण कुठं आहोत हे कळायचं कसं?

2009 साली अ‍ॅपलनं पडदा नसलेला आयपॉड शफल काढला. बटण दाबून धरलं की तो गाण्याचं नाव बोलून सांगायचा. ते नाव यंत्र स्वतः तयार करत नसे. गाणी भरतानाच संगणक नावांच्या छोट्या आवाजी फाइली बनवून सोबत पाठवायचा. 14 भाषा होत्या, त्यांत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती.

ही युक्ती घरी करता येते. फोनवर "अभंग", "गवळणी", "भारूड" अशी नावं बोलून रेकॉर्ड करायची, एमपी3 करून घ्यायची आणि ज्या त्या फोल्डरमध्ये पहिली ठेवायची. मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेताना एक गोष्ट बजावून सांगावी : आधी कार्ड पूर्ण रिकामं करा, मग एकेक फोल्डर क्रमानं टाका आणि प्रत्येकात नावाची फाइल आधी. कारण बरेच स्वस्त प्लेअर अक्षरांचा क्रम पाहत नाहीत, कार्डावर जे आधी आलं ते आधी वाजवतात. गठ्ठ्यानं ओतलं की नाव एकीकडे, गाणी दुसरीकडे.

माझ्या कार्डावर बारा फोल्डर आहेत. नावं आईनं ओसरीवर बसून एका सकाळी बोलून दिली. आठव्याच्या सुरुवातीला मागं कोंबडा आरवतो, आणि आई बोलायच्या आत मला कळतं, भारूड आलं.