तीन लाल दिवे, ११५ कोटी डॉलर आणि उडालेला विश्वास : एक्सबॉक्सनं तो परत कसा मिळवला?

गेमिंगच्या जगात एका बिघाडाला स्वतःचं नाव आहे. 'रेड रिंग ऑफ डेथ'. मराठीत सांगायचं तर मरणाचं लाल कडं.

मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' या कन्सोलच्या पॉवर बटणाभोवती दिव्यांचं एक कडं होतं. त्याचे चार भाग. सगळं ठीक असेल तर हिरवा उजेड. पण त्यातले तीन भाग लाल होऊन उघडझाप करायला लागले, की समजायचं खेळ खल्लास. टीव्हीवर काहीच दिसणार नाही आणि कितीही वेळा बंद-चालू केलं तरी फरक पडणार नाही.

हा प्रकार इतक्या घरांत घडला की मायक्रोसॉफ्टला त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. गंमत म्हणजे त्यानंतरही हाच कन्सोल विकला जात राहिला. कंपनीनं २०१४ मध्ये दिलेला आकडा होता ८ कोटी ४० लाखांचा.

मग प्रश्न पडतो, ज्या कंपनीची वस्तू एवढ्या मोठ्या प्रमाणावर बंद पडली तिच्याकडे लोक परत गेले कसे? कंपनीनं माफी मागितली म्हणून? माफी तर सगळेच मागतात. इथं माफीसोबत आणखी काहीतरी झालं होतं. तेच समजून घेऊया.

आधी झालं काय होतं?

एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत बाजारात आला २२ नोव्हेंबर २००५ ला. सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचा वी हे दोघं आले नोव्हेंबर २००६ मध्ये. म्हणजे मायक्रोसॉफ्टला पूर्ण एका वर्षाची आघाडी मिळाली. भारतातही हा कन्सोल सप्टेंबर २००६ मध्ये आला आणि त्याच्या जाहिरातीसाठी अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना घेतलं होतं.

पण विक्री वाढत गेली तशा तक्रारीही वाढत गेल्या. सुरुवातीला कंपनीचं म्हणणं असं होतं की इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये ३ ते ५ टक्के बिघाड होतच असतात, त्यात वेगळं काही नाही.

ग्राहकाच्या बाजूनं चित्र वेगळं होतं. अमेरिकेत या कन्सोलची वॉरंटी होती फक्त ९० दिवसांची. त्यानंतर लाल दिवे लागले तर दुरुस्तीला साधारण १४० डॉलर. आता कन्सोलचीच किंमत मॉडेलप्रमाणे २९९ किंवा ३९९ डॉलर होती. म्हणजे चूक कंपनीची आणि जवळपास निम्म्या किमतीचा भुर्दंड ग्राहकाला.

डिसेंबर २००६ मध्ये कंपनीनं अमेरिकेतली वॉरंटी ९० दिवसांवरून एक वर्ष केली. पण बरेच कन्सोल एक वर्ष उलटल्यावर बंद पडत होते, त्यामुळे ओरड थांबली नाही.

नेमके किती कन्सोल बिघडले? २००७ च्या जाहीर कबुलीतही मायक्रोसॉफ्टनं टक्केवारी दिली नाही. पण वाढीव वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीनं २००९ मध्ये आपल्या ग्राहकांच्या सुमारे १६ हजार कन्सोलची आकडेवारी मांडली. दोन वर्षांत बिघाडाचं प्रमाण असं निघालं : वी २.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चं १० टक्के आणि एक्सबॉक्स ३६० चं २३.७ टक्के. साधारण चारातला एक. कुठं ३ ते ५ टक्के आणि कुठं चारातला एक!

बिघाड नेमका कशाचा होता?

सोप्या भाषेत सांगायचं तर उष्णतेचा. पण 'कन्सोल तापतो म्हणून बंद पडतो' एवढंच नव्हतं.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच इकडून तिकडे पन्नास वेळा वाकवली की तुटते. इथंही तसंच झालं. गेम सुरू झाला की चिप प्रचंड तापायची, कन्सोल बंद केला की थंड व्हायची. तापली की सगळे भाग थोडे प्रसरण पावायचे, थंड झाले की आकसायचे. चिप आणि तिच्याखालचा थर वेगवेगळ्या पदार्थांचे, त्यामुळे त्यांचं प्रसरण पावणंही सारखं नाही. या ओढाताणीत चिपला जोडणारे बारीक सोल्डरचे सांधे थकायचे आणि एक दिवस तुटायचे.

म्हणून तर कन्सोल नवा असताना झकास चालायचा आणि काही महिन्यांनी मान टाकायचा. कारखान्यातल्या तपासणीत हा दोष सहज सापडणार नाही, कारण तो दिसायला शेकडो वेळा चालू-बंद व्हावं लागतं.

त्या काळात एक घरगुती जुगाडही पसरला होता. कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळायचा आणि चालू ठेवायचा. उष्णतेनं तुटलेला सांधा तात्पुरता टेकायचा आणि कन्सोल थोडे दिवस चालायचा. ही अर्थातच आगीला आमंत्रण देणारी गोष्ट होती. पण वॉरंटी संपलेल्या माणसाकडे दुसरा स्वस्त मार्ग तरी कुठला होता?

५ जुलै २००७ : कंपनीनं हात वर केले नाहीत

त्या वेळी एक्सबॉक्सचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक होते पीटर मूर. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख होते स्टीव्ह बाल्मर. मूर यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की ते हा विषय घेऊन बाल्मर यांच्यासमोर गेले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. बाल्मर यांनी विचारलं, किती खर्च येईल? मूर यांनी आकडा सांगितला, ११५ कोटी डॉलर. बाल्मर यांनी फार वेळ न घालवता होकार दिला. तो होकार मिळाला नसता तर आज एक्सबॉक्स हे नावच उरलं नसतं, असं मूर यांचं म्हणणं आहे.

त्यानंतर ५ जुलै २००७ ला घोषणा झाली. तिच्यात चार गोष्टी होत्या.

पहिली, तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून तीन वर्षं. जगभर.

दुसरी, हा नियम आधी विकलेल्या कन्सोललाही लागू.

तिसरी, ज्यांनी याच बिघाडाच्या दुरुस्तीसाठी आधी पदरचे पैसे भरले होते, त्यांना ते परत.

चौथी, कन्सोल नेण्या-आणण्याचा खर्च कंपनीचा.

यासाठी कंपनीनं १०५ ते ११५ कोटी डॉलर खर्ची टाकत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळच्या दरानं साडेचार हजार कोटी रुपयांच्या आसपास. मूर यांच्या सांगण्यानुसार त्यातले तब्बल २४ कोटी डॉलर एकट्या कुरिअरचे होते. कंपनी ग्राहकाच्या घरी रिकामा खोका पाठवायची, तो कन्सोल भरून परत पाठवायचा. गेमर मंडळींनी त्या खोक्याचं नाव ठेवलं होतं 'शवपेटी'.

विश्वास नेमका कशानं परत आला?

इथं खरी मेख आहे. वस्तू बिघडली की ग्राहकाला चार गोष्टी सोसाव्या लागतात. पैसे जातात. वेळ जातो. कॉल सेंटरवर चूक आपली नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि दुरुस्त होऊन आलेली वस्तू पुन्हा बिघडेल ही धास्ती राहते.

२००७ च्या निर्णयानं पहिल्या तीन गोष्टींचा भार ग्राहकाच्या डोक्यावरून कंपनीच्या डोक्यावर गेला. तीन लाल दिवे दिसतायत ना? मग वाद संपला. कन्सोल उभा ठेवला होता की आडवा, कपाटात होता की बाहेर, असली उलटतपासणी नाही.

जुने पैसे परत करण्याचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. कुठलीही कंपनी 'इथून पुढे' चांगलं वागायचं वचन सहज देते. पण ज्यांनी आरडाओरड न करता १४० डॉलर भरले होते, त्यांनाही शोधून पैसे देणं म्हणजे 'तेव्हा आम्ही चुकलो होतो' हे कृतीतून मान्य करणं.

यातून आणखी एक अडचण निघाली. डाउनलोड करून विकत घेतलेल्या गेम्सचा परवाना त्या विशिष्ट कन्सोलला जोडलेला असायचा. दुरुस्तीला पाठवल्यावर बदली कन्सोल आला, तर इंटरनेटशिवाय ते गेम चालायचे नाहीत. म्हणजे दुरुस्तीनंच नवं दुखणं दिलं. त्यावर २००८ मध्ये परवाने नव्या कन्सोलवर हलवायची सोय आली. भरपाई करताना असल्या बारीकसारीक गोष्टी सुटल्या, की केलेल्या खर्चावर पाणी पडतं.

खेळायचं कारणही हवंच होतं. २५ सप्टेंबर २००७ ला 'हेलो ३' हा गेम आला. अमेरिकेत पहिल्याच दिवशी त्याची १७ कोटी डॉलरची विक्री झाली. म्हणजे वॉरंटीनं लोकांची भीती कमी केली आणि गेम्सनी त्यांना पुन्हा टीव्हीसमोर बसवलं. दोन्ही लागलं.

धास्ती जायला मात्र तीन वर्षं लागली

चौथी गोष्ट, म्हणजे पुन्हा बिघडण्याची भीती, पैशानं जात नाही. त्यासाठी वस्तूच बदलावी लागते.

२००७ च्या घोषणेनंतर कन्सोलची विक्री थांबली नाही आणि रचनाही एका रात्रीत बदलली नाही. २००७ च्या उत्तरार्धात प्रोसेसरची चिप लहान झाली, २००८ च्या अखेरीस ग्राफिक्सची. चिप लहान म्हणजे वीज कमी, वीज कमी म्हणजे उष्णता कमी. २००९ मध्ये 'ई ७४' नावाचा आणखी एक बिघाडही कंपनीला तीन वर्षांच्या वॉरंटीत घ्यावा लागला.

जून २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० एस आला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आणि ते तीन लाल दिवे गायब. दिव्यांची रचना बदलली हे दिखाऊ वाटेल, पण आतली यंत्रणाही बदलली होती म्हणून ते चाललं. नुसते दिवे काढले असते तर लोकांनी कंपनीला सोडलं नसतं.

आणि खरं कारण? ते मायक्रोसॉफ्टनं सविस्तर सांगितलं डिसेंबर २०२१ मध्ये, एक्सबॉक्सच्या इतिहासावरच्या 'पॉवर ऑन' या माहितीपट मालिकेत. म्हणजे घोषणेनंतर चौदा वर्षांनी. वरातीमागून घोडं! पैशाच्या बाबतीत उदार झालेली कंपनी माहितीच्या बाबतीत हात आखडताच राहिली. त्यामुळे हे प्रकरण आदर्श म्हणून सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही.

निन्टेंडोनं उलटं केलं, तरी विक्री झालीच की?

इथं एक प्रामाणिक शंका येते. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये 'ड्रिफ्ट'चा दोष निघाला. म्हणजे काठीला हात न लावता गेममधलं पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं. २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण प्रकरण न्यायालयात असल्याचं सांगून जास्त बोलायचं टाळलं. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनेनं जवळपास २५ हजार तक्रारी युरोपीय आयोगापुढे ठेवल्या. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये युरोपात वॉरंटीनंतरही मोफत दुरुस्तीचं आश्वासन मिळालं.

तरीही स्विच १५ कोटींहून जास्त विकला गेला. मग विश्वासाची किंमत काय?

फरक असा की कंट्रोलर बिघडला तर दुसरा घेता येतो, अख्खा कन्सोल ठप्प होत नाही. शिवाय मारिओ आणि झेल्डा दुसरीकडे मिळत नाहीत. लोक थांबले ते पर्याय नसल्यामुळे. पण दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. २०२५ मध्ये स्विच २ येताना अनेकांचा पहिला प्रश्न हाच होता, की ड्रिफ्टचं काय केलं? विक्री टिकली, पण शंका आठ वर्षांनीही गेली नव्हती.

तुम्ही काय बघायचं?

उद्या तुमचा फोन, लॅपटॉप, स्कूटर, कशातही असा दोष निघाला आणि कंपनीनं माफी मागितली, तर पाच प्रश्न विचारा. दुरुस्ती मोफत आहे का? आधी पैसे भरलेल्यांना ते परत मिळणार का? ने-आण कोण करणार? नव्या वस्तूत नेमका कुठला भाग बदलला? आणि दोषाचं कारण सांगितलंय का? पहिल्या तीनचं उत्तर 'हो, आम्ही' असं असेल तर कंपनी गंभीर आहे. चौथ्याचं उत्तर मिळेपर्यंत नवी वस्तू घ्यायची घाई नको.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत साधारणपणे दोन वर्षं आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फक्त वस्तू घेताना पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. 'बिल नको, हजार रुपये कमी करतो' असं दुकानदार म्हणाला, तर ते हजार रुपये तुमच्या वॉरंटीची किंमत आहेत हे लक्षात असू द्या.